काटा पाय मोजतो, प्रश्न पोटाचा आहे

कोरेगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ४१, बँकेत बैठी नोकरी, उंची १५६ सेंटीमीटर, वजन ५९ किलो. चरबी मोजणारा ब्लूटूथचा वजनकाटा त्यांनी दीड हजाराला घेतला. सकाळी तो ३४.१ टक्के चरबी दाखवतो आणि संध्याकाळी बँकेतून आल्यावर ३१.६. यातलं खरं कुठलं आणि फार खर्च न करता घरी चरबी मोजायची कशी, हे त्यांना हवंय. जोडीला आणखी दोन गोष्टी विचारल्यात. यजमानांची उंची १६८, वजन ६४, म्हणजे वजन बेताचं, पण पोट पुढे आलंय, त्यांनी काळजी करावी का? आणि सत्तरीच्या सासूबाईंना पेसमेकर आहे, त्यांना या काट्यावर उभं केलं तर चालेल का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखं नाही: सासूबाईंना त्या काट्यावर अजिबात उभं करू नका. का ते पुढे सांगतो.

आता तुमचे दोन आकडे. साताऱ्यात व्यायामशाळा चालवतोय त्याला बावीस वर्षं झाली, आणि गेल्या सात-आठ वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. जरा हिशेब करू. ३४.१ मधून ३१.६ गेले, राहिले अडीच टक्के. ५९ किलोच्या अडीच टक्के म्हणजे जवळपास दीड किलो चरबी. अंगातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही अकरा हजारांवर कॅलरी जाळल्या. यवतेश्वरचा घाट चढून जाणारी आपली सातारा हिल हाफ मॅरेथॉन एका दिवसात सात-आठ वेळा पळाल्यावर एवढं जळेल. तुम्ही तर कॅश काउंटरवर बसला होतात.

काटा नेमकं काय करतो ते सांगतो, म्हणजे त्याच्यावर रागही राहणार नाही आणि फाजील विश्वासही. काचेवर चार चकचकीत पट्ट्या असतात. त्यातून तळपायात अगदी बारीक वीजप्रवाह सोडला जातो, आपल्याला जाणवतही नाही. स्नायूंत पाणी आणि क्षार भरपूर, तिथून तो सहज जातो. चरबीत पाणी कमी, तिथे अडतो. किती अडला, एवढी एकच गोष्ट काटा खरोखर मोजतो. वजन तर तो मोजतोच. बाकी ॲपमध्ये दिसणारे स्नायू, हाडं, पाणी, 'शरीराचं वय' वगैरे सगळं गणित आहे. तुम्ही भरलेली उंची, वय, स्त्री की पुरुष आणि तो एक अडथळा, एवढ्या भांडवलावर मांडलेलं.

रात्रभर आडवं झोपल्यावर अंगातलं पाणी सगळीकडे सारखं पसरतं. दिवसभर खुर्चीत पाय लोंबकळत ठेवले की ते खाली उतरतं, संध्याकाळी मोज्याचा वळ घोट्याशी उमटतो तो त्याचाच. पायात पाणी जास्त, म्हणून प्रवाह सुळकन जातो, म्हणून काट्याला वाटतं की बाई बारीक झाल्या. एवढंच झालंय.

पटत नसेल तर घरीच दोन गमती करून बघा. एक, ॲपमध्ये तुमचं वय ४१ ऐवजी २५ टाका आणि लगेच परत उभ्या राहा. बहुतेक काट्यांवर चरबी तिथल्या तिथे उतरते. काही ॲपमध्ये खेळाडूंसाठी वेगळं बटण असतं, ते दाबलं तर आणखीच उतरते. आमच्याकडे एक पोरगा तीन महिने ते बटण दाबून स्टेटस टाकत होता, मला उशिरा कळलं. दुसरी गंमत, उभ्या राहून आकडा बघा, मग दोन तांबे पाणी पिऊन पाच मिनिटांनी परत उभ्या राहा. वजन पिलेल्या पाण्याइतकं वाढेल, ते बरोबरच. पण पाणी अजून पोटात आहे आणि प्रवाह पायांतून फिरतोय, त्याला ते दिसतच नाही. वाढलेल्या वजनाचा बराचसा भाग तो चरबीच्या खात्यावर टाकून मोकळा होतो.

याची उलटी बाजू मी तालमीत बघितली. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, १९५२ साली हेलसिंकीला बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात कुस्ती आणि वजनगट पोरांना लहानपणापासून कळतात. जिल्हा निवडीच्या आधी एका पैलवानाने गटात बसायला दोन दिवसांत तीन किलो काढलं. पाणी बंद, अंगावर दोन स्वेटर, उन्हात पळणं. सगळं गेलं ते पाणी. माझ्या मशिनवर उभा राहिला तर वजन तीन किलो कमी आणि चरबी चार टक्के जास्त. बिचारा घाबरून विचारतो, "सर, मी वाळलो का सुजलो?" अंग सुकलेलं, प्रवाह जागोजागी अडत होता आणि मशिनला ती चरबी वाटत होती. (असं पाणी तोडून वजन काढणं धोक्याचं असतं, ते त्याच्या वस्तादांशी बोलून मिटवलं, तो विषय वेगळा.)

हे सगळं वेळ पाळून, रिकाम्या पोटी मोजून बरंचसं सावरता येतं. पण त्या काट्यात एक खोट अशी आहे जी वेळ पाळून जात नाही. प्रवाह एका पायातून वर चढतो आणि दुसऱ्या पायातून खाली उतरतो. पोटाला तो जेमतेम शिवून परत फिरतो. हातात दांडी धरायची मशिनं असतात ती जरा बरी, पण ती दीड हजारात येत नाहीत. म्हणजे हा काटा मुख्यतः पाय मोजतो आणि पोटाचा अंदाज बांधतो. आणि आपल्या लोकांचं दुखणं नेमकं पोटात आहे.

इथे तुमच्या यजमानांचा विषय येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव मधुमेहाच्या क्षेत्रात जगभर घेतलं जातं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. वजन-उंचीच्या कोष्टकात दोघंही उत्तम. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी किती लपलेली असते हे त्या एका फोटोने दाखवलं. नवशिक्या ट्रेनरना मी पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतो. हातपाय काडी आणि पोट माठ, हा आपला ठरलेला साचा.

यजमानांचा बीएमआय २२.७ येतो. त्यावर कुणी बोट ठेवणार नाही. भारतीयांसाठी २००९ साली डॉक्टरांनी एकमताने ज्या मर्यादा ठरवल्या त्यात २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरलाय, म्हणजे ते पास. पण त्याच मर्यादांमध्ये कंबरेचा आकडाही आहे, पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर. कंबर ९३ निघाली तर व्यायामाला लागायला तेवढं कारण पुरे, बीएमआय काही का म्हणेना. आणि पँटचा नंबर सांगून सुटका करून घेऊ देऊ नका. पुरुष पँट पोटाच्या खाली बांधतात. तीस वर्षं '३४ची पँट' घालणाऱ्या माणसाची कंबर ४० इंच भरलेली मी कितीदा मोजलीय.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. घरी चरबीचा माग ठेवायला शिंप्याकडे असते ती वीस-तीस रुपयांची टेप घ्या. काटा आहे तर वजनासाठी वापरा.

टेप साधी वाटते, पण तिच्यातही हात बसावा लागतो. नवीन आणली की आधी शाळेतल्या पोराच्या स्टीलच्या फूटपट्टीशी ताडून बघा. रेक्झिनच्या टेपा वापरून ताणतात, शिंप्याने टाकून दिलेली जुनी टेप तर फुकट मिळाली तरी नको. सेंटीमीटरची बाजू वापरा, इंचात बारीक फरक हरवतो.

आता कंबर म्हणजे कुठली? यावर माणसं भांडतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. कुणी बेंबीवर मोजतं. मी हाडावर मोजतो. उजव्या कुशीत हात ठेवून बोटं खाली सरकवत न्या, एक कडक कड लागेल, कळशी टेकवतो ती. तिच्या बरोब्बर वरून टेप घ्यायची. कारण एवढंच की पोट सुटलं की बेंबी खाली ओघळते, पुढे पोट उतरलं की परत वर येते. हाड जागचं हलत नाही. पहिल्या दिवशी तिथे पेनने बारीक खूण करा, हाताला एकदा जागा कळली की पुढे खूण लागत नाही.

कपड्यावरून नाही, उघड्या अंगावर. पाय जवळ, दोन्ही पायांवर सारखा भार. टेप पाठीमागे खाली घसरते, हटकून घसरते, म्हणून आरशात बाजूने बघा किंवा घरातल्या कुणाला मागे उभं करा. टेप अंगाला टेकली पाहिजे, पण कातडीत रुतता कामा नये. मग श्वास घ्या, नेहमीसारखा सोडा, आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. हे सांगूनही माणसं ओढतात! मी युक्ती करतो, मोजताना त्यांना जेवणात काय झालं विचारतो. बोलताना पोट आपोआप सुटतं. घरी एकट्याने मोजताना हळू आवाजात पंधरापर्यंत आकडे म्हणा, तेच होतं. तीनदा मोजा, मधला आकडा धरा.

एवढं केल्यावर पहिली तपासणी एका दोऱ्याने होते. तुमच्या उंचीइतका दोरा कापा, तो दुपदरी करा आणि कमरेला गुंडाळा. टोकं जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर जेवढं अंतर उरलं तेवढं काम बाकी. इंग्लंडची नाइस ही आरोग्य संस्था २०२२ पासून लोकांना हेच सांगतेय, की कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत ठेवा. तुमच्यासाठी निम्मं म्हणजे ७८, यजमानांसाठी ८४. आपल्या आज्यांना हे नवं वाटलं नसतं. घरातल्या पुरुषांच्या कमरेला करदोडा असायचा, तो रुतायला लागला की माणूस सुटला हे कळायचं, आणि ढिला होऊन घसरायला लागला की काहीतरी दुखणं लागलंय अशी शंका यायची. चोवीस तास अंगावर असलेलं मोजमाप. मला तर वाटतं करदोडा सोडून आपण काटा घेतला तो व्यवहार तोट्यात गेला.

टक्केवारीच हवी असेल, आणि तुम्हाला हवी असणार, कारण काट्याने ती सवय लावलीय, तर टेपवरून तीही काढता येते. २०१८ साली अमेरिकेतल्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातल्या वूलकॉट आणि बर्गमन या दोघांनी एक सूत्र दिलं, ते तोंडी हिशेबाचं आहे. उंचीला कमरेने भागा, वीसने गुणा. बायकांनी तो आकडा ७६ मधून वजा करायचा, पुरुषांनी ६४ मधून. त्यांनी कंबर मोजली तीही हाडावरच. समजा तुमची कंबर ८४ भरली. १५६ भागिले ८४ म्हणजे १.८६, गुणिले वीस ३७.१, ७६ मधून वजा केले की ३८.९ टक्के. यजमानांची ९३ धरली तर २७.९.

दुसरं सूत्र अमेरिकन नौदलाचं, हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ साली बसवलेलं. जहाजावर मशिनं कुठली, म्हणून टेपवर भागवलं. त्यात बायकांची मान, कंबर आणि बसायचा भाग जिथे सगळ्यात रुंद तिथला घेर लागतो. पुरुषांची मान आणि बेंबीवरची कंबर पुरते. या सूत्रात बायकांची कंबर मात्र जिथे सगळ्यात बारीक तिथे घेतात, तेव्हा वरचा ८४ इथे चालणार नाही. मोबाइलचा कॅलक्युलेटर आडवा केला की लॉगचं बटण दिसतं. इंचातला हिशेब असा: कंबर आणि नितंबांची बेरीज करून मान वजा करा, त्याचा लॉग घेऊन १६३.२०५ ने गुणा. उंचीचा लॉग घेऊन ९७.६८४ ने गुणा आणि तो पहिल्यातून वजा करा. मग आणखी ७८.३८७ वजा करा. कंबर ३१.५, नितंब ३९.५, मान १३ आणि उंची ६१.५ इंच धरली तर ३४.७ येतात.

म्हणजे बघा, अंग एकच आणि आकडे चार. ३८.९, ३४.७, ३४.१ आणि ३१.६. यात खरा कुठला हे शोधत बसाल तर वेड लागेल. घरगुती कुठल्याही पद्धतीत तीन-चार अंकांची चूक सहज असते. पण हाडावरची कंबर पुढच्या तीन महिन्यांत ८४ ची ८० झाली तर पहिलं सूत्र ३७.० दाखवेल, आणि ते जवळजवळ दोन अंकांचं उतरणं खरं असेल, सुरुवातीचा ३८.९ चुकीचा असला तरी. दुकानदाराचा तराजू पन्नास ग्रॅमने खोटा असला तरी कालच्यापेक्षा आज पिशवी जड आहे का हलकी, हे तो बरोबर सांगतो. अट एकच, तराजू बदलायचा नाही. टेपवर एक सेंटीमीटर चुकला तर या सूत्रात अर्ध्या अंकाच्या आतच फरक पडतो. काटा एका दिवसात अडीच अंक हलला होता.

चिमटा, म्हणजे कॅलिपर, याबद्दल लोक विचारतात म्हणून सांगतो. प्लास्टिकचा काही शे रुपयांत ऑनलाइन मिळतो. कातडीखालची चरबी बोटांच्या चिमटीत उचलून तिची जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची. मी स्वतः हेच सगळ्यात जास्त वापरतो आणि घरी वापरायला सगळ्यात कमी सुचवतो. का, ते बघा. बेंबीच्या उजवीकडे दोन सेंटीमीटरवर अंगठा आणि तर्जनीने उभी घडी उचलायची. घडीत कातडी आणि चरबी आली पाहिजे, खालचा स्नायू नाही. शंका असेल तर पोट कडक करायला सांगायचं, स्नायू असेल तर तो बोटांतून निसटतो. मग बोटांच्या एक सेंटीमीटर खाली चिमटा काटकोनात लावायचा, घडी सोडायची नाही, दोन सेकंद थांबून आकडा वाचायचा. जास्त थांबलात तर चरबी दबून आकडा उतरत जातो. हे शंभर-दोनशे माणसांवर केल्याशिवाय हात बसत नाही. माझा पहिल्या वर्षीचा रजिस्टर काढून बघितला तर एकाच माणसाच्या पोटाची घडी सोमवारी १९ आणि गुरुवारी २६ लिहिलीय. तो माणूस तीन दिवसांत काही सुटला नव्हता, मीच स्नायू उचलला होता.

तरी हौस असेल तर दर वेळी एकाच माणसाने मोजायचं, आणि टक्केवारीच्या भानगडीत पडायचं नाही. बायकांसाठी दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वरची तिरपी घडी आणि मांडीच्या पुढच्या बाजूचा मध्य, या तीन जागा जॅक्सन आणि पोलॉक यांच्या १९८० च्या सूत्रात आहेत. तिन्हींच्या मिलिमीटरची नुसती बेरीज लिहा. ७८ ची ७० झाली, काम झालं. शिवाय चिमटा फक्त कातडीखालची चरबी पकडतो. आतड्यांभोवती बसलेली चरबी त्याच्या तावडीत येत नाही, आणि आपल्याला जास्त छळते ती तीच. टेप निदान तिला वळसा घालून येते.

मोठ्या शहरात डेक्सा नावाची तपासणी होते. मुळात हाडांची घनता बघायची, पण सबंध अंगाची केली तर चरबीही सांगते. चांगली आहे. पण तुमच्या कामासाठी पुण्याला हेलपाटा मारावा असं मला वाटत नाही.

लिहून ठेवणं मात्र चुकवू नका, आणि त्यासाठी ॲप नको. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, दुधाचा हिशेब त्याच्यावर लिहिताच. रविवारच्या चौकोनात कंबर लिहा. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. वजन रोज केलंत तरी चालेल, पण आठवड्याची सरासरी काढून तीच बघा, एकेका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नाही. आदल्या रात्री लग्नात पंगत झाली, लोणचं-पापड जास्त झालं, तर मीठ पाणी धरून ठेवतं आणि सकाळी किलोभर वाढलेलं दिसतं. ती चरबी नसते. भात-भाकरी एकदम बंद केली तर पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात, तेही बहुतेक पाणीच. साठवलेली साखर जाते आणि स्वतःच्या तिप्पट पाणी सोबत नेते. लोक पेढे वाटतात, तेही साताऱ्याचे कंदी, आणि दुसऱ्या आठवड्यात काटा थांबला की माझ्यावर चिडतात.

बायकांचं आणखी एक असतं जे ॲप बनवणाऱ्यांच्या गावी नसतं. पाळीच्या आधीचे काही दिवस अंगात पाणी साठतं, पोट फुगतं, कंबर एखाद-दोन सेंटीमीटर जास्त भरते. म्हणून या रविवारची तुलना मागच्या रविवारशी करू नका, मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करा. कालनिर्णयावर पाळीची तारीख असतेच, त्यामुळे हे सोपं जातं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका 'काही फरक नाही' म्हणून सोडून जायच्या त्या याच आठवड्यात. मला हे कळायला दहा वर्षं लागली, तेही एका शिक्षिका बाईंनी वही दाखवल्यावर.

किती उतरायला हवं? साधारण एक किलो वजनामागे कंबर एक सेंटीमीटर, असा माझ्या वह्यांचा अनुभव. महिन्याला एक-दीड सेंटीमीटर म्हणजे उत्तम. आणि एक जोडगणती ठेवा, बैठकांची. महिन्यातून एकदा, न थांबता किती बैठका होतात ते कंबरेच्या शेजारी लिहा. कंबर उतरली आणि बैठका वाढल्या तर चरबी गेली. वजन उतरलं, कंबर तिथेच आणि बैठकाही घटल्या, तर तुम्ही उपाशी राहून स्नायू घालवताय, त्यावर जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी काय वाढवता येईल ते बघा. हे काम काटा करू शकला असता, त्याच्या डब्यावर तसं लिहिलेलंही असतं, पण तो पाणी आणि स्नायू यांच्यात घोटाळा करतो.

आता सासूबाई. पेसमेकर हे अंगात बसवलेलं विजेवर चालणारं यंत्र आहे आणि हा काटा अंगात वीज सोडतो, म्हणून काटे बनवणारेच सूचनापत्रकात पेसमेकरवाल्यांनी वापरू नये असं लिहितात. ते पत्रक कुणी वाचत नाही, ही खरी अडचण. गरोदर बाईनेही वापरायचा नाही. ज्यांच्या पायांवर सूज असते, मूत्रपिंडाचा आजार असतो, त्यांना तो अपाय करत नसला तरी आकडा भलताच देतो. सासूबाईंचं वजन करायचंच तर साधा, सुईवाला काटा वापरा.

पण सत्तरीला मोजायची गोष्ट वेगळी आहे. त्या वयात वजन आपोआप उतरायला लागलं तर घरचे म्हणतात बरं झालं, गुडघ्यांवरचा भार कमी झाला. बऱ्याचदा जातो तो स्नायू. तीच टेप त्यांच्या पोटरीला लावा. खुर्चीत बसवून, पाय जमिनीवर टेकवून, पोटरी सगळ्यात जाड जिथे असेल तिथे. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली यासाठी मर्यादा दिल्या, बायकांना ३३ सेंटीमीटर आणि पुरुषांना ३४. त्याच्या आत भरली तर स्नायू घटत असल्याची शंका धरायची आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना तो आकडा सांगायचा. सकाळी उठल्या उठल्या मोजा, संध्याकाळी पाय सुजलेले असतील तर बारीक पोटरीही भरलेली दिसते. आणि रोज संध्याकाळी सूज येत असेल, दाबल्यावर बोटाचा खड्डा राहत असेल, तर टेप ठेवून द्या आणि ज्यांनी पेसमेकर बसवला त्यांना आधी दाखवा.